हिवाळी राजधानीचे पाहुणे

मध्यभारत हे राज्य आता नकाशावर नाही. 28 मे 1948 रोजी ते जन्मास आले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्यप्रदेशात विलीन झाले. साडेआठ वर्षांच्या त्या अल्प आयुष्यात त्याने दोन राजधान्या सांभाळल्या. उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. ही व्यवस्था खर्चाची होती आणि तिच्यामागे दोन मोठ्या संस्थानांचा मान राखण्याचा हेतूही होता. परंतु ग्वाल्हेरच्या वाट्यास हिवाळाच यावा, यात नवल काही नव्हते. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि किल्ल्याचा दगड रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहतो. जानेवारीत मात्र हेच शहर धुक्यात बुडते, सकाळी दहापर्यंत किल्ला दिसेनासा होतो, आणि मोरेन्याच्या गजकाचे ढीग दुकानोदुकानी दिसू लागतात. मराठी घरांत तिळगुळाची जागा या गजकाने घेतली नाही. तो तिळगुळाच्या शेजारी येऊन बसला. शिंदे सरकारचा दरबारही उन्हाळा शिवपुरीस काढून थंडीत ग्वाल्हेरला परतत असे. ग्वाल्हेर हे असे पूर्वीपासूनच हिवाळ्याचे शहर आहे.

ज्या कागदांवरून या शहराचा इतिहास लिहिला गेला, त्यांतही हिवाळाच अधिक भरलेला आहे. इंग्लंडचे तीन युवराज येथे येऊन गेले, 1876, 1905 आणि 1922 साली. तिघेही थंडीच्याच दिवसांत आले. त्यांच्यासाठी उभारलेल्या कमानी, रोषणाई, मेजवान्या, शिकारीचे बेत हे सर्व लिहून ठेवलेले आहे. त्याच महिन्यांत, त्याच आकाशातून, हिमालयापलीकडून दुसरे पाहुणे उतरत होते. त्यांची नोंद ठेवण्याचे कोणत्याही खात्याला कारण पडले नाही. आणि जे पाहुणेही नव्हते, बाराही महिने गच्चीवर, चिंचेवर, किल्ल्याच्या कड्यावर आपल्या शेजारी राहत होते, त्यांची नोंद तर त्याहून विरळ. या लेखात आम्ही या दुसऱ्या मंडळींचा मागोवा घेऊ इच्छितो. इतिहासाच्या चर्चेत माकडांना आणि बदकांना जागा कशाला, असे कोणी विचारील. सव्वाशेहून अधिक वर्षे हे शहर मराठी राजघराण्याच्या सत्तेखाली होते. येथील रान कोणी राखले, कोणी संपवले आणि कोण त्याच्यासोबत निमूटपणे राहिले, याचा हिशेब आपणच मांडणे उचित होय, असे आम्हांस वाटते. त्यातील काही रकाने आता कायमचे मिटण्याच्या बेतात आहेत, म्हणून उशीरही करून चालणार नाही.

आरंभ किल्ल्यापासूनच करणे प्राप्त आहे. सुमारे तीन किलोमीटर लांब पसरलेला वालुकाश्माचा हा एकाकी डोंगर शहराच्या मधोमध उभा आहे. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द 1486 ते 1516) याने त्यावर जे मानमंदिर बांधले, त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या झिलईदार फरशांची नक्षी आहे. प्रवासी ती पाहतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. थांबून पाहिले तर त्या भिंतीवर प्राण्यांचा एक मेळावाच भरलेला दिसतो. हत्ती आहेत, मगरी आहेत, पंजे उगारलेली श्वापदे आहेत, केळीची झाडे आहेत. आणि निळ्या पट्टीवर एकामागून एक चाललेल्या पिवळ्या बदकांची रांग आहे. पाच शतकांच्या ऊन-पावसात पुष्कळ फरशा गळून पडल्या, तरी रांग तुटलेली नाही.

ही बदके म्हणजे हिवाळ्यात येणारे चक्रवाक होत, असे मत आमच्या एका स्नेह्यांनी एकदा मोठ्या उत्साहाने मांडले. रंग जुळतो हे खरे. परंतु हंसांची पंक्ती हा भारतीय शिल्पातील फार जुना अलंकार आहे. देवळांच्या पट्ट्यांवर, मूर्तींच्या प्रभावळीत ती सर्वत्र आढळते, आणि कारागिराने ती आपल्या परंपरेतून उचलली असणे अधिक संभवनीय. मगरही तशीच परंपरागत. म्हणून या भिंतीला आम्ही प्राणिशास्त्राचा पुरावा मानत नाही. एवढे मात्र म्हणता येते की, ज्या राजाच्या कारागिराने हा अलंकार निवडला त्याला तो अपरिचित नव्हता. उत्तरेस थोड्याच अंतरावर चंबळा वाहते, आणि तिच्या वाळूच्या बेटांवर हिवाळ्याच्या उन्हात मगरी आणि सुसरी आजही पडून असतात; 1979 पासून तेथे अभयारण्य आहे. ती भिंत पाहून चंबळेवर जावे, किंवा चंबळा पाहून भिंतीकडे यावे; पाहणाऱ्यास ही दोन ठिकाणे एकमेकांची आठवण दिल्यावाचून राहत नाहीत.

या भिंतीचा पहिला परदेशी वाचक बाबर. 1528 च्या सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा सरता सरता, तो ग्वाल्हेर पाहण्यास आला. हिंदुस्थानविषयी त्याच्या तक्रारी प्रसिद्धच आहेत. तथापि पशुपक्षी, फळे आणि फुले यांच्याविषयी लिहिताना त्याची लेखणी निराळी होते. तेथे तो विजेता न राहता जिज्ञासू विद्यार्थी होतो. मानसिंहाच्या वाड्याच्या भिंतीवरील हिरव्या फरशांतील केळी त्याने टिपल्या आहेत. त्याहून आम्हांस मोलाची वाटते ती त्याची कण्हेरीची नोंद. ग्वाल्हेरची कण्हेर गडद तांबडी आणि सुरेख असते असे सांगून, तिची रोपे आपण आग्र्यास नेऊन बागांत लावल्याचे तो लिहितो. एका बादशहाने ग्वाल्हेरहून नेलेल्या गोष्टींत एका फुलझाडाची नोंद व्हावी, ही घटना लहान नव्हे. त्याच भेटीत उरवाईच्या खोऱ्यातील जैन मूर्ती भग्न करण्याचा हुकूमही त्याने दिला, हे येथे सांगितलेच पाहिजे. कण्हेर आणि घण एकाच हाताने उचलले गेले. बाबरावर लिहिणारे बहुधा यांपैकी एकच गोष्ट सांगतात.

त्याचा नातू अकबर 1564 साली नरवरच्या रानात हत्ती पकडण्यास आला होता. नरवर आज शिवपुरी जिल्ह्यात मोडते. अबुल फझलने रानटी हत्तींच्या प्रदेशांची जी नोंद केली, तीतही नरवरचे नाव आहे. आज त्या भागातून जाणाऱ्यास खुरटा पळस, धावडा आणि दगडी खाणी दिसतात. येथे कधी हत्तींचे कळप होते, हे सांगूनही खरे वाटत नाही. ते केव्हा गेले? ज्या वर्षी अखेरचा हत्ती दिसेनासा झाला त्या वर्षाची कोणी दखल घेतली नाही. बादशहाने पकडलेल्यांची नोंद राहिली आणि राहिलेले कधी गेले त्याची नोंद नाही. पुढील तीन शतकांत हेच पुनःपुन्हा घडलेले आढळते.

मराठे येथे वस्तीला आले ते छावणी घेऊन. दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या लष्कराने 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो उठला नाही, आणि तंबूंचे वाडे होऊन 'लष्कर' हेच शहराचे नाव पडले. महाडिकांची गोठ, शितोळ्यांची गोठ, फाळके बाजार, शिंदे की छावनी ही नावे अद्याप रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. 'गोठ' शब्दाने नव्या पिढीला गुरांच्या गोठ्याची आठवण होते. तो आमच्या मते सैन्याचा 'गोट' होय. हिंदी जिभेवर त्याचा ठकार झाला. पण गुरांची आठवण अगदीच अस्थानी नाही. ज्या छावणीत घोडे, बैल, उंट आणि हत्ती होते तिच्यात माणसांइतकीच जनावरेही असणार, आणि माधवराव महाराजांनी 1905 साली सागरतालावर जो मेळा सुरू केला तो आरंभी गुरांचाच बाजार होता. पुढे तो व्यापारी मेळा झाला. आजही तो थंडीतच भरतो.

दक्षिणेतून आलेल्या या कुटुंबांना येथे जी जनावरे भेटली ती ओळखीची होती आणि नव्हतीही. आमच्या देशावरचे माकड म्हणजे डोक्यावर केसांची टोपी घातलेले, लांब शेपटीचे. येथले माकड तांबड्या तोंडाचे, आखूड शेपटीचे आणि स्वभावाने अधिक आडदांड. वानर दोन्हीकडे आहे, आणि मराठीने माकड व वानर यांत जो भेद पाळला तो येथे बंदर आणि लंगूर यांत पाळला जातो; पण बंदर म्हणजे आपले माकड नव्हे, हे नवख्याला पहिल्याच आठवड्यात कळते. खारीची गोष्ट याहून नाजूक आहे. कोकणातील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, आणि सेतुबंधाच्या वेळी श्रीरामांनी फिरवलेल्या तीन बोटांची ती खूण होय, असे आपण मुलांना सांगतो. ग्वाल्हेरच्या खारीला पाच पट्टे आहेत. लष्करातील एका वृद्ध बाईंनी आम्हांस सांगितले की, लहानपणी त्यांनी आजीला याविषयी छेडले असता, 'येथे देवाने सगळा हात फिरवला' असे उत्तर मिळाले होते. प्राणिशास्त्र या दोन निरनिराळ्या जाती मानते. आजीचे उत्तर मात्र स्थलांतरित माणसाचे उत्तर आहे. नव्या मुलखातले जनावर तिने जुन्या कथेत बसवून घेतले.

लष्करातील जुन्या वाड्यांचा हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढील वर्णन नको आहे. पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी ते करतो. सूर्य धुक्यातून वर येतो तेव्हा गच्चीच्या पूर्वेकडील कठड्यावर वानरांची रांग आधीच बसलेली असते, पोट उन्हाकडे, हात गुडघ्यांवर, एखाद्या सभेचे सभासद असावेत तशी. उन्हाळ्यात याच कठड्यावर कोणी पाय ठेवीत नाही. घरातली माणसेही थोड्या वेळाने त्याच उन्हासाठी वर येतात, आणि मग जागेवरून जो तंटा होतो त्यात दोन्ही पक्षांना आपला हक्क पूर्वीचा वाटतो. वाळत घातलेली मुगोडी, बोरे, हरभऱ्याची भाजी यांची राखण हे मुलांचे काम. काठी हाती असते, परंतु ती सहसा चालवीत नाहीत. मंगळवारी आणि शनिवारी तर नाहीच. शेजारच्या चिंचेवर पोपटांचा गोंगाट चाललेला असतो. मोर असतात, पण डिसेंबरचा मोर चित्रातला नव्हे. त्याचा पिसारा पावसाळ्यानंतर झडून गेलेला असतो आणि नवा अर्धाच फुटलेला, त्यामुळे तो मुंजीपूर्वीच्या बटूसारखा काहीसा ओशाळलेला दिसतो. अंगणात परीट शेपूट हलवीत फिरतो, भिंतीच्या फटींत थिरथिरा थरथरत बसतो. हे दोघे उत्तरेकडून, उंच प्रदेशांतून आलेले असतात. फाल्गुन सरता सरता ते जातात, आणि ते गेल्याचे बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या शेजाराला आम्ही भूतदयेचे मोठे नाव देऊ इच्छित नाही. माकडांनी उच्छाद मांडला की नगरपालिकेकडे अर्ज जातात, पिंजरे लागतात आणि चावे घेतल्याच्या तक्रारी होतात. दवाखान्यात सुया घ्याव्या लागलेल्या मुलाच्या आईस वानरांच्या सभेचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. परंतु हा तंटा शेजाऱ्यांचा तंटा होता. त्यात एका पक्षाचा नायनाट व्हावा, अशी इच्छा कोणी सहसा धरीत नसे. ज्या प्राण्यांशी लष्करच्या लोकांनी दोनशे वर्षे भांडण केले ते सर्व आजही येथे आहेत. ज्यांचा दरबाराने गौरव केला त्यांची गोष्ट निराळी.

त्या दरबाराकडे आता वळू. माधवराव महाराज (1876 ते 1925) हे आधुनिक ग्वाल्हेरचे शिल्पकार. धरणे, शाळा, मेळा, कारखाने, सर्वत्र त्यांचा हात दिसतो. शिकार हा त्यांचा केवळ छंद नव्हता, तो राज्यकारभाराचा भाग होता. व्हाइसरॉय आणि युवराज यांना वाघ मिळवून देणे ही त्या काळची राजनीती होती, आणि महाराजांनी ती शास्त्र म्हणून साधली; वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून ते संस्थानच्या रानांत सोडण्याचा प्रयोग केला. सिंह रानात राहिले नाहीत. ते गुरांवर आणि माणसांवर गेले, आणि तो प्रयोग त्यांच्यासह संपला. सिंहासाठी आपले रान कमी पडते असे महाराजांस वाटले होते. त्या रानातली गावे मात्र कोणाच्या हिशेबात नव्हती.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही आहे. शिकारीसाठी राखलेले रानच पुढे राखीव राहिले. शिवपुरीचे आजचे माधव राष्ट्रीय उद्यान हे महाराजांचे शिकारीचे रान होय. त्यातील सख्यासागर तलाव त्यांच्याच काळातला. 2022 साली त्याला रामसर यादीतील पाणथळीचा मान मिळाला. वाघ मात्र तेथून नाहीसे झाले. 2023 च्या मार्चमध्ये ते दुसरीकडून आणून सोडावे लागले, आणि 2025 च्या मार्चमध्ये त्या उद्यानाचे व्याघ्र प्रकल्पात रूपांतर झाले. शिकारी गेले, शिकार गेली, आणि शंभर वर्षांनी रान तेवढे पुन्हा पाहुण्यांची वाट पाहू लागले.

शहरातील फूलबागेतील प्राणिसंग्रहालयही याच कालखंडाची ठेव. 1922 साली युवराजांच्या भेटीच्या वेळी फूलबागेचे उद्घाटन झाले. तेथून थोड्याच अंतरावर राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. त्यामुळे सहलीला आलेल्या मुलांना एकाच दुपारी समाधी आणि वाघ दोन्ही दाखवण्याचा शिक्षकांचा प्रघात पडला आहे. त्यातले मुलांना काय लक्षात राहते, हे शिक्षक वाचकांना आम्ही सांगावयास नको.

माधवरावांच्या कामांपैकी पाखरांना सर्वांत उपकारक ठरले ते काम पाखरांसाठी नव्हतेच. शहरापासून वीसेक किलोमीटरवर सांक नदीवर तिघऱ्याचे धरण बांधले गेले, ते शहराच्या पाण्यासाठी. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे 1903 साली प्रथम खडकवासल्यास बसले आणि नंतर तिघऱ्यास. येथे एक करुण योगायोग नमूद करावासा वाटतो. तिघऱ्याचे धरण 19 ऑगस्ट 1917 रोजी पुराने फुटले आणि खाली मोठी प्राणहानी झाली. खडकवासल्याची भिंत 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुरात गेली. दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. 1961 हेच साल ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना आणखी एका कारणाने स्मरते. त्या वर्षी येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिल्या स्त्री अध्यक्ष लाभल्या.

तिघऱ्याच्या काठी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गेल्यास प्रथम काहीच दिसत नाही. धुके आणि पाणी यांत रेघ नसते. आवाज मात्र येतो. दूरवर कोणी कुजबुजत असावे असा. तास-दीड तासाने धुके फाटते, आणि ज्याला आपण काळपट गाळ समजत होतो तो हलू लागतो. थापट्या, तलवार बदके, वारकरी. काठाच्या ओल्या गवतात चक्रवाकांच्या जोड्या. कधी डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेली राजहंसांची टोळीही उतरते. त्यांचे घर तिबेटच्या पठारावर आणि ते हिमालय ओलांडून येतात, हे पाखरांच्या अभ्यासकांनी सिद्ध केले आहे. चक्रवाकाच्या जोडीला रात्री विरह भोगावा लागतो, असा संस्कृत कवींचा संकेत. प्रत्यक्षात नदीच्या दोन काठांवर राहून एकमेकांस साद घालणारे हे पक्षी ज्याने ऐकले त्याला कवींनी तो संकेत कोठून घेतला याविषयी शंका उरणार नाही. संकेत पाठ करणारे आमचे किती विद्यार्थी तो आवाज ऐकू शकतील? तिघऱ्यास बस जाते, आणि शाळेच्या सहलीचा खर्च फूलबागेपेक्षा फारसा अधिक होत नाही.

आता ज्या पक्ष्याविषयी लिहिणे जड जाते त्याच्याकडे येतो. येथे त्याला सोनचिरैया म्हणतात, महाराष्ट्रात माळढोक. माणसाच्या कमरेइतका उंच, जड, जमिनीवर चालणारा, मान ताठ ठेवून गवतातून जाणारा हा पक्षी ग्वाल्हेर आणि शिवपुरीच्या माळांवर होता. 1981 साली त्याच्यासाठी ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यात करैरा अशी दोन अभयारण्ये झाली. त्याआधी दोन वर्षे महाराष्ट्राने सोलापूरकडे नान्नजच्या परिसरात हेच केले होते. करैऱ्यातून माळढोक विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गेला. घाटीगावासही त्याच्या नावाखेरीज फारसे काही राहिले नाही. साऱ्या देशात रानात उरलेल्या माळढोकांची संख्या आता दीडशेच्या आसपास सांगतात, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

हा पक्षी का गेला? शिकार झाली हे खरे, पण शिकारीने एकट्याने तो गेला नाही. तो माळाचा पक्षी. महसुली दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन, म्हणजे जिचा काही उपयोग नाही अशी. आणि जिचा उपयोग नाही तिच्यावर खाण काढावी, नांगर घालावा, तारा ओढाव्यात, झाडे लावावीत, असे प्रत्येक सरकारला आणि प्रत्येक सद्गृहस्थाला वाटते. माळाला माळ म्हणूनच राहू द्यावे ही कल्पना कोणाच्याही मनास शिवत नाही. त्यात अभयारण्याच्या हद्दीत गावांच्या खासगी जमिनी आल्या, त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली, आणि ज्या शेतकऱ्याच्या शेतात सोनचिरैया अंडे घालीत असे त्याला ती आपली वैरीण वाटू लागली. तिने एक अंडे घातले की बापाची जमीन मुलीच्या लग्नाला विकता येईना. अशा शेतकऱ्यास दोष देणे आम्हांस जमत नाही. वानराने गच्चीवरची मुगोडी नेली तर गृहिणी काठी उचलते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. येथे कायद्याने शेजाऱ्यांमध्ये असा तंटा लावून दिला की तो विसरण्याजोगा नव्हता. वाघाला महाराजांचे रान होते, माकडाला मारुतीचा वार होता. माळढोकाला मात्र ना दरबाराचा आश्रय होता, ना देवाचा. होता तो फक्त माळ, आणि तोच काढून घेतला गेला.

गिधाडांची गोष्टही याच प्रकारची, फक्त अधिक वेगाने घडलेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने देशभरातील गिधाडे थोड्याच वर्षांत संपत आणली. गुरांसाठी त्याच्या वापरावर 2006 साली बंदी आली, तोवर आकाश बरेच रिकामे झाले होते. किल्ल्याच्या कड्यावर पांढरे गिधाड हिवाळ्याच्या उन्हात पंख पसरून बसलेले आम्ही पाहिले आहे. खाली उरवाईच्या वाटेने मोटारी चढत असतात. काचेआडून वर पाहणारा विरळा.

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते घेऊन आलेले विमान ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरले, आणि तेथून ते हेलिकॉप्टरने कुनोच्या रानात नेण्यात आले. पुढील वर्षी 18 फेब्रुवारीस दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. कुनोचे रान मुळात गीरच्या सिंहांसाठी तयार केले होते. 2013 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह तेथे आणावेत असा निर्णयही दिला, पण सिंह आले नाहीत. माधवरावांच्या सिंहांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी ग्वाल्हेरच्या वाटेने आफ्रिकेचा प्राणी पुन्हा या मुलखात आला. या वेळी गावे विचारात घेतली गेली, वैद्य आहेत, गळ्यात यंत्रे आहेत. त्यांचे येणे, जगणे, मरणे, व्यालेली पिले, सर्व काही वर्तमानपत्रांत तारीखवार येत आहे, आणि ते योग्यच आहे. भावी इतिहासकारास या प्रकरणी कागदांची उणीव पडणार नाही.

उणीव पडेल ती परटाची. लष्करच्या एका घरी आम्ही जुन्या पंचांगांचा एक गठ्ठा पाहिला. घरातील कर्ते पुरुष नोकरीतून निवृत्त झाल्यावर दरवर्षीच्या पंचांगाच्या समासात बारीक अक्षरांत काही लिहीत असत: दुधाचा हिशेब, कोणाचे श्राद्ध, विहिरीचे पाणी किती उतरले. आणि दरसाल आश्विनात, घटस्थापनेच्या मागे-पुढे कोठेतरी, दोनच शब्द: 'परीट आला.' फाल्गुनात शोधले तर 'गेला' असे कोठेही नाही. त्यांच्या पश्चात सूनबाईंनी तो गठ्ठा रद्दीत न घालता माळ्यावर ठेवला आहे. त्यांना त्या दोन शब्दांचा अर्थ धोबी असा वाटला होता, आणि ग्वाल्हेरात धोब्याला सासरे 'परीट' म्हणत याचेच त्यांना कौतुक होते. आम्ही गच्चीवर नेऊन त्यांना तो पक्षी दाखवला. कठड्यावर वानरे बसली होती. ती थोडी सरकली.